साल्व्हिनियाची ओळख : एका तरंगत्या नेच्याच्या नावाचा व मूळ अधिवासाचा शोध

वनस्पतींची नामनिश्चिती म्हणजे शास्त्राच्या दप्तरातील एक कारकुनी काम आहे, असा समज विद्वानांतही अधूनमधून आढळतो. एखाद्या जातीस अमुक नाव दिले काय किंवा तमुक दिले काय, वनस्पती तीच राहते; तेव्हा नावाच्या वादात वर्षे घालविण्याने काय साधते, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर तात्त्विक चर्चेपेक्षा इतिहासातील एखाद्या प्रकरणातून अधिक स्पष्टपणे मिळते. साल्व्हिनिया मोलेस्टा या तरंगत्या नेच्याचे प्रकरण असेच आहे. या वनस्पतीने विसाव्या शतकाच्या मध्यास आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या तीन खंडांतील गोड्या पाण्यावर आक्रमण केले. तिला बरीच वर्षे भलत्याच जातीचे नाव दिले गेले होते. त्या नावामुळे तिचे मूळ घर भलत्याच प्रदेशात मानले गेले. आणि त्या प्रदेशातून आणलेले उपाय निष्फळ ठरले. नाव, अधिवास व उपाय यांची ही साखळी कशी जुळत गेली, हे पाहणे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

१. आक्रमणाचा प्रारंभ

मूळ प्रदेशाबाहेर या नेच्याची पहिली महत्त्वाची नोंद श्रीलंकेतील आहे. १९३९ मध्ये कोलंबो येथील विद्यापीठ महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत ही वनस्पती बेटावर आली व तेथून ती तळी, कालवे आणि भातखाचरे यांत पसरली, असे मानले जाते. १९५६ पर्यंत तेथे तिच्या रासायनिक निर्मूलनावर स्वतंत्र शास्त्रीय लेखन होऊ लागले होते. यावरून उपद्रवाची व्याप्ती ध्यानात येते. भारतात ती १९५५ च्या सुमारास तिरुवनंतपुरमजवळच्या वेळी सरोवरात दिसली आणि पुढील दहा वर्षांत केरळच्या सखल भागात शेती व जलवाहतूक या दोहोंना अडथळा होऊन बसली.

परंतु जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले ते आफ्रिकेतील करिबा जलाशयामुळे. झांबेझी नदीवरील करिबा धरणात १९५८ च्या डिसेंबरात पाणी अडविण्यास आरंभ झाला. व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या अंगास झांबेझीच्या पात्रात हा नेचा त्यापूर्वीच काही वर्षे आढळत होता. वाहत्या नदीत मात्र त्याचा विशेष उपद्रव नव्हता. १९५९ च्या मे महिन्यात तो नव्या जलाशयावर दिसला आणि १९६२ पर्यंत त्याने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पृष्ठभाग व्यापला. त्या वेळच्या जलपृष्ठाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होता. बुडालेल्या अरण्यातून व मातीतून सुटलेली पोषक द्रव्ये नेच्यास आयती मिळाली आणि पाण्याबाहेर उभ्या राहिलेल्या वृक्षांनी त्याच्या थरांना वारा व लाटा यांपासून आसरा दिला. ‘करिबाचे तण’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

२. स्वरूप व अधिवास

साल्व्हिनिया ही फुले न येणाऱ्या, बीजाणूंवर वाढणाऱ्या नेच्यांच्या वर्गातील प्रजाती होय. फ्लॉरेन्स येथील ग्रीक भाषेचे अध्यापक आन्तोन मारिया साल्व्हिनी (१६५३–१७२९) यांच्या नावावरून तिचे नाव पडले. तिला खरी मुळे नसतात. आडव्या, नाजूक खोडावर प्रत्येक पेराशी तीन पाने येतात. त्यांपैकी दोन हिरवी व तरंगणारी असतात. तिसरे पाण्याखाली लोंबते आणि इतके विच्छिन्न असते की पाहणाऱ्यास ते मुळांचा झुपकाच वाटते.

तरंगत्या पानांच्या वरच्या बाजूस केसांची दाट लव असते. तिच्यामुळे पान भिजत नाही आणि पाण्यात दाबले तरी पुन्हा वर येते. या केसांची घडण ओळखीसाठी फार उपयोगी आहे. साल्व्हिनिया नाटान्समध्ये केसांची टोके सुटी असतात. साल्व्हिनिया मिनिमामध्ये एका देठावर चार फाटे असतात, पण तेही टोकाशी सुटेच. ऑरिक्युलाटा, बिलोबा, हर्झोगी व मोलेस्टा या जातींत मात्र हे चार फाटे टोकाशी पुन्हा एकत्र येऊन लहानसा पिंजरा तयार होतो. स्वयंपाकघरातील अंडी घुसळण्याच्या तारेच्या रवीसारखा तो दिसतो. भारतातील मूळची साल्व्हिनिया कुकुलाटा पेल्यासारख्या मुडपलेल्या पानांवरून सहज निराळी काढता येते. तात्पर्य, पिंजऱ्यासारखे केस दिसले म्हणजे वनस्पती या चार जातींच्या गटातील आहे एवढे निश्चित होते; चारांपैकी ती कोणती, हे त्यावरून ठरत नाही.

मोलेस्टाच्या रूपात वाढीप्रमाणे होणारा पालट ही दुसरी अडचण होय. मोकळ्या पाण्यात नव्याने आलेली रोपे लहान, चपट्या व पाण्यास टेकलेल्या पानांची असतात. गर्दी वाढू लागली की पाने मोठी होऊन मध्यशिरेवर किंचित दुमडतात. थर दाट झाला म्हणजे ती एकमेकांस खेटून जवळजवळ उभी राहतात. या तिन्ही अवस्था निरनिराळ्या ठिकाणी पाहणाऱ्यास त्या तीन जाती आहेत असे वाटले तर नवल नाही.

तिचा अधिवास संथ वा स्थिर गोड्या पाण्याचा आहे. पाण्यात नत्र व स्फुरद विपुल असावे आणि तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, म्हणजे तिची वाढ अतिशय जोमाने होते. उत्तम परिस्थितीत अडीच दिवसांहूनही कमी काळात ती दुप्पट होऊ शकते. उणे ३ अंशांखालील किंवा ४३ अंशांवरील तापमानात तिच्या कळ्या दोन तासांहून अधिक काळ राहिल्यास मरतात. खारटपणा तिला सोसत नाही. समुद्राच्या पाण्याचे मिश्रण दहाव्या हिश्शापर्यंत गेले की वाढ मंदावते आणि त्याहून पुष्कळ वाढले की ती लवकरच मरते. केरळच्या कुट्टनाड भागात उन्हाळ्यात आत शिरणारे खारे पाणी तिला स्वाभाविक आळा घालीत असे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या तण्णीरमुक्कम बंधाऱ्याने शेतीच्या रक्षणार्थ ते पाणी अडविले आणि त्याबरोबर हा आळाही सैल झाला. कोणत्या पाण्यात ही वनस्पती वाढते हे कळणे आणि ती मूळची कोठली हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट करिबाच्या काठी थोड्याच वर्षांत समजली. दुसरीस दोन दशके लागली.

३. नामनिश्चितीतील चूक

१७७५ मध्ये ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्रेंच गियानातील वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध करताना साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा ही जाती नोंदविली. १९३५ मध्ये हर्झोग याने या प्रजातीची तपासणी केली. परंतु पिंजऱ्यासारखे केस असलेल्या जातींतील सीमा त्यानंतरही अस्पष्टच राहिल्या. श्रीलंका, केरळ व करिबा येथील नेच्यावर तसे केस दिसताच त्याला ओब्लेच्या जातीचे नाव देण्यात आले. १९५६ चा श्रीलंकेवरील लेख आणि करिबाच्या वनस्पतींवरील शेल्प याचा १९६१ चा अभ्यास, हे दोन्ही साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा या नावानेच लिहिले गेले. एकाने ठरविलेले नाव दुसऱ्याने प्रमाण मानावे, हे शास्त्रीय व्यवहारात स्वाभाविकच होते.

ही चूक निष्काळजीपणाची म्हणता येत नाही. नेच्यांतील जवळच्या जाती वेगळ्या काढताना अभ्यासक मुख्यतः बीजाणुफळांकडे, म्हणजे ज्यांत बीजाणू तयार होतात त्या कोशांकडे, त्यांचा आकार व देठावरील मांडणी यांकडे पाहतो. आक्रमक साल्व्हिनियाची बीजाणुफळे पाण्याखाली दडलेली असतात आणि ती वंध्य असतात. वनस्पती वाढते ती खोडाचे तुकडे होऊन. वनस्पतिसंग्रहातील अनेक नमुन्यांवर केवळ पाने होती, आणि पानांवरून निर्णय होण्याजोगा नव्हता.

या वंध्यत्वाचे कारण प्रथम भारतातील संशोधनाने दाखविले, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदविली पाहिजे. १९६६ मध्ये चंडीगढ येथील लॉयल व ग्रेवाल यांनी या नेच्याच्या गुणसूत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. या प्रजातीतील मूळ संख्या ९ असता या वनस्पतीत गुणसूत्रे ४५ आढळली, म्हणजे ती पंचगुणित होती. पाच संचांची समान वाटणी होत नसल्याने बीजाणू नीट तयार होत नाहीत. लॉयल व ग्रेवाल यांच्या लेखाच्या शीर्षकातही साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा हेच नाव आहे. रानात बीजाणूंवर वाढणारी जाती आणि ही पंचगुणित, वंध्य वनस्पती एकच कशी असू शकेल, हा प्रश्न त्यांच्या निष्कर्षातून उद्भवत होता. पुरावा हाती आला होता. त्यावरील नावाची चिठ्ठी मात्र जुनीच होती.

४. भलत्या घरातील शोध

आक्रमक वनस्पतीचा जैविक उपाय शोधण्याची रीत ठरलेली आहे. वनस्पती जेथली मूळची, तेथे जावे. तेथे तिला मर्यादेत ठेवणारे कीटक पाहावेत. ते इतर वनस्पतींस अपाय करीत नाहीत याची खात्री करून घ्यावी. आणि मग ते नव्या प्रदेशात सोडावेत. या रीतीत पहिली पायरी नावाची आहे, कारण मूळ प्रदेश कोणता हे नावावरूनच ठरते.

साल्व्हिनिया ऑरिक्युलाटाचा प्रदेश त्रिनिदाद, गियाना व दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हा होता. त्यानुसार राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या बेनेट यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तेथे पाहणी केली. त्यांना तीन कीटक आश्वासक वाटले : पॉलिनिया ॲक्युमिनाटा हा नाकतोडा, सामिया मल्टिप्लिकॅलिस हा पतंग आणि सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस हा सोंडकिडा. पाहणी काळजीपूर्वक झाली होती आणि हे कीटक साल्व्हिनियावर खरोखरच जगत होते. पुढे नाकतोडा करिबा, श्रीलंका व केरळ येथे, तर सोंडकिडा बोट्स्वानात चोबे नदीच्या परिसरात सोडण्यात आला. सोंडकिडा तेथे स्थिरावला, पण तण आटोक्यात आले नाही. नाकतोड्याकडूनही अपेक्षित काम झाले नाही. जैविक उपाय या वनस्पतीस लागू पडत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अशा वेळी होणे साहजिक होते.

५. नवे नाव, नवे घर

ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, करिबाच्या तणाचा दीर्घ अभ्यास करणारे डेव्हिड मिचेल यांनी १९७२ मध्ये या प्रश्नाचा पाया बदलला. ब्रिटनमधील नेचेविषयक नियतकालिकातील अवघ्या दोन पानांच्या टिपणात त्यांनी करिबाची वनस्पती स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. लॅटिन ‘मोलेस्टा’चा अर्थ त्रासदायक. बीजाणुफळांचे बारकावे हा या निर्णयाचा प्रमुख आधार होता. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतील जलवनस्पती व त्यांचे नैसर्गिक शत्रू यांवर मिचेल व थॉमस यांचा अहवाल युनेस्कोने प्रसिद्ध केला.

नवे नाव मिळाले, पण त्याबरोबर एक अडचणही आली. अमेरिकेतील वनस्पतीचे वर्णन आफ्रिकेतील नमुन्यावरून झाले होते आणि तिचे रानटी वसतिस्थान कोणासच ठाऊक नव्हते. वंध्यत्व व पंचगुणित अवस्था यांवरून ती संकरज असावी, कदाचित एखाद्या वनस्पतिउद्यानात निर्माण झाली असावी, असाही तर्क पुढे आला. तो खरा असता तर तिला मूळ अधिवास नसता आणि तिच्याबरोबर उत्क्रांत झालेले शत्रूही नसते. जैविक उपायाची आशा त्यामुळे रानटी वसतिस्थान सापडण्यावर अवलंबून राहिली.

हे वसतिस्थान १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रकुल शास्त्रीय व औद्योगिक संशोधन संघटनेतील वेंडी फोर्नो व केन हार्ली यांना सापडले. दक्षिणपूर्व ब्राझीलमध्ये, सुमारे २४ ते ३२ दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान, किनाऱ्यापासून २०० किलोमीटरच्या आत आणि ५०० मीटरपर्यंतच्या उंचीवर साल्व्हिनिया मोलेस्टा रानात वाढत असल्याचे त्यांनी दाखविले. ओब्लेचा गियाना विषुववृत्ताच्या उत्तरेस पाच अंशांच्या आसपास आहे. बेनेट यांनी शोध घेतला तो प्रदेश आणि वनस्पतीचे खरे घर यांत अक्षांशाचे सुमारे तीस अंश अंतर होते. आपल्या घरी हा नेचा इतर पाणवनस्पतींतील एक होता. त्याला खाणारे जीव त्याच्याबरोबरच राहत होते.

६. सोंडकिड्याची ओळख

ब्राझीलमधील साल्व्हिनिया मोलेस्टावर फोर्नो व त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे दोन मिलिमीटर लांबीचा काळसर सोंडकिडा मिळाला. तो दिसायला सिर्टोबेगस सिंग्युलॅरिससारखाच असल्याने त्याच नावाने तो ऑस्ट्रेलियात नेण्यात आला. आवश्यक चाचण्यांनंतर जून १९८० मध्ये क्वीन्सलंडमधील माउंट आयझा येथील मूनडारा जलाशयात तो सोडला गेला. पुढे सुमारे चौदा महिन्यांत, म्हणजे ऑगस्ट १९८१ पर्यंत, तेथील साल्व्हिनियाचा बहुतेक सर्व थर नाहीसा झाला. १९८१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रूम, हार्ली, फोर्नो व सँड्स यांनी या यशाचा वृत्तांत दिला. त्यातही किड्याचे नाव सिंग्युलॅरिस असेच होते.

एकाच जातीचा किडा बोट्स्वानात दुर्बळ आणि क्वीन्सलंडमध्ये समर्थ कसा, हे कोडे १९८५ मध्ये सुटले. काल्डर व सँड्स यांनी दाखविले की ब्राझीलमधून आणलेला किडा वेगळ्याच, तोपर्यंत अवर्णित जातीचा आहे. त्यांनी त्याला सिर्टोबेगस साल्व्हिनिई हे नाव दिले. प्रौढ किड्यांतील भेद सूक्ष्म आहे, पण अळ्यांच्या वागणुकीतील भेद निर्णायक आहे. साल्व्हिनिईच्या अळ्या खोडात शिरून ते आतून पोखरतात आणि प्रौढ किडे कळ्या खातात. त्यामुळे नव्या वाढीचा उगमच नष्ट होतो, नेचा तपकिरी पडतो व बुडतो. सिंग्युलॅरिसच्या अळ्या खोड अशा रीतीने पोखरीत नाहीत.

या घटनाक्रमात विचारास चालना देणारी एक गोष्ट आहे. नेच्याचे नाव चुकले तेव्हा उपाय चुकला. सोंडकिड्याचे नाव चुकले तेव्हा मात्र उपाय साधला. मग नावाचे महत्त्व ते काय? याचे उत्तर असे की, १९७८ नंतर किडा निवडला गेला तो त्याच्या नावावरून नव्हे, तर स्थानावरून. नेच्याचे खरे नाव ठरले, त्या नावाने खरे घर दाखविले, आणि घर सापडल्यावर तेथील जिवंत किडा उचलला गेला. त्याच्यावरील चिठ्ठी चुकीची असली तरी तो योग्य ठिकाणचा होता. शोधाची दिशा ठरविणे हे नावाचे मुख्य कार्य आहे. मात्र १९८५ चा निर्णय झाला नसता, तर मूनडाराच्या यशावर विसंबून कोणीही त्रिनिदादचा सिंग्युलॅरिस पुन्हा मागविला असता आणि पुन्हा अपयश पदरी घेतले असते.

७. परिणाम : सेपिक व केरळ

या संशोधनाची खरी कसोटी पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या पूरमैदानात लागली. तेथे हा नेचा १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शिरला आणि नंतरच्या दशकात त्याने सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी व्यापले. सेपिकच्या काठची वस्ती मासे, साबुदाण्याच्या झाडाचा गर आणि होड्यांतून चालणारी देवघेव यांवर जगणारी. पाण्यावर थर जमल्यामुळे मासेमारी थांबली, होड्या अडल्या आणि काही ठिकाणी लोकांना गाव सोडण्याची पाळी आली. १९८२ मध्ये ब्राझीलचा सोंडकिडा तेथे आणला गेला, पण प्रथम तो तग धरीना. तेथील नेच्यात नत्र फार कमी असल्याने किड्यास पुरेसे पोषण मिळत नव्हते. तेव्हा ज्या वनस्पतीचा नाश करावयाचा तिच्यावरच काही जागी युरिया टाकण्यात आला. नत्र वाढताच किडे वाढले; आणि एकदा त्यांची संख्या वाढल्यावर त्यांच्या खाण्यामुळेच नव्या कळ्यांतील नत्राचे प्रमाण टिकून राहिले. थॉमस व रूम यांनी १९८६ मध्ये दिलेल्या वृत्तांतानुसार सुमारे वीस लक्ष टन साल्व्हिनिया नष्ट झाला आणि २५० चौरस किलोमीटरांवरील आवरण सुमारे २ चौरस किलोमीटरांवर आले. अधिवासाचे ज्ञान नामनिश्चितीस कसे पूरक ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय : योग्य किडा मिळाल्यावरही पाण्याचा गुण ओळखल्यावाचून यश आले नाही.

भारतात हाच किडा १९८३ च्या सुमारास बेंगळूर येथे कमळतळ्यात तपासला गेला व तेथे वर्षभरात परिणाम दिसला. त्याच सुमारास केरळ कृषी विद्यापीठातील जॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केरळच्या पाण्यात सोडला आणि पुढील काही वर्षांत कुट्टनाडसह अनेक भागांतील भातशेती व जलमार्ग मोकळे झाले. केरळात या नेच्यास ‘आफ्रिकन पायल’ म्हणजे आफ्रिकेचे शेवाळ असे म्हणतात. ती वनस्पती शेवाळ नाही आणि आफ्रिकेचीही नाही; करिबाच्या कीर्तीचा हा लोकभाषेत उमटलेला ठसा आहे. ज्या आफ्रिकी खोऱ्यात सिंग्युलॅरिस निष्प्रभ ठरला होता, तेथेही पुढे साल्व्हिनिई सोडल्यावर तण ओसरले. त्यामुळे दोन किड्यांमधील भेद प्रत्यक्ष पाण्यावरच सिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील या कार्यास १९८५ चे युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

८. समारोप

या इतिहासातून निघणारा बोध महाराष्ट्रातील अभ्यासकांसही लागू आहे. मराठीत ‘जलपर्णी’ व ‘केंदाळ’ हे शब्द सामान्यतः आयकॉर्निया या निळसर फुलांच्या वनस्पतीस लावले जातात. परंतु वृत्तपत्रांत व बोलण्यात पाण्यावर पसरलेल्या कोणत्याही हिरव्या थरास तीच नावे दिली जातात. पाण्यावर गुलाबाकृती झुपक्यांनी वाढणारी पिस्टिया, केसाळ पानांचा साल्व्हिनिया आणि आयकॉर्निया या तीन भिन्न कुळांतील वनस्पती आहेत. त्यांचे शत्रू भिन्न आहेत, आणि एकीचा सोंडकिडा दुसरीच्या उपयोगी पडत नाही. नगरपालिकेच्या दप्तरात किंवा जुन्या वृत्तपत्रात ‘जलपर्णी काढली’ अशी नोंद आढळल्यास ती कोणती वनस्पती होती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. आणि आज तळ्यावर नवा थर दिसल्यास पानावरील केस भिंगाखाली पाहण्याचे कष्ट वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने घेतलेच पाहिजेत. नमुना जपून ठेवताना पाण्याखालचे पान व बीजाणुफळे त्याबरोबर असावीत, ठिकाण, दिनांक व पाण्याचे स्वरूप नोंदलेले असावे. मिचेल यांचे दोन पानांचे टिपण छापले गेले तेव्हा ते थोड्याच तज्ज्ञांच्या वाचनात आले असेल. त्या टिपणाने ठरविलेल्या नावावाचून ब्राझीलकडे जाण्याचे कारण कोणास सुचले नसते, आणि सेपिकच्या काठच्या होड्या आणखी किती वर्षे अडून राहिल्या असत्या, याची कल्पना करणेही कठीण आहे.